अडचणीच्या दिवसांत पाटण तालुका किती तग धरील?

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

देवळावर कळस चढला. किडलेले वासे आणि गळके आढे जाऊन तिथे मजबूत मंडप उभा राहिला. कोणी लाखाची देणगी दिली, कोणी पन्नास रुपये दिले, कोणी आठ दिवस अंगमेहनत केली. देवाच्या दारी या तिन्हींची किंमत सारखीच. अशा आनंदाच्या दिवशी संकटाची गोष्ट काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु नवे घर बांधून झाले तरी जाणता माणूस मृगापूर्वी एकदा कौलांकडे नजर टाकतोच. त्यात अशुभ काही नाही. त्यालाच संसारी शहाणपण म्हणतात.

आजचा प्रश्न साधा आहे. उद्या घाट बंद झाला, वीज गेली, टेलिफोन मुके झाले आणि पंधरा दिवस बाहेरून काही आले नाही, तर पाटण तालुक्यातील माणूस स्वतःच्या बळावर किती दिवस काढील? कशाची उणीव आधी भासेल? आणि ती उणीव आजच कशी भरून काढता येईल?

हा विचार नवा नाही. याच तालुक्यात दातेगड आहे. त्याच्या माथ्यावर कातळात खोल कोरलेली, तलवारीच्या आकाराची विहीर आहे आणि तिच्यात उतरायला पायऱ्या आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांनी तटबुरुजाइतकीच पाण्याची चिंता केली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाण्याची सोय पाहावी असे बजावले आहे. पाणी, धान्य, इंधन, वाटा आणि माणसे या पाच गोष्टींवर गडाची परीक्षा होत असे. तीच कसोटी आज तालुक्याला लावून पाहू.

तालुक्याची ठेवण

पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि तिच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा, पूर्वेला कराड, उत्तरेला जावळी व सातारा, दक्षिणेला सांगली जिल्ह्यातील शिराळा. कोयनामाई महाबळेश्वरी उगम पावते, डोंगराला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. केरा, मोरणा आणि वांग या नद्या कोयनेच्या लेकी. तारळी मात्र वेगळ्या वाटेने कृष्णेकडे जाते. असा हा खोऱ्यांचा तालुका आहे. शेजारच्या खोऱ्यात सोयरिकीला जायचे तरी खिंड चढावी लागते, नाहीतर खाली उतरून वळसा घ्यावा लागतो.

या सगळ्या खोऱ्यांचा मुख्य आधार एकच रस्ता आहे. कराड, पाटण, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. झाडाच्या बुंध्याला फांद्या असाव्यात तसे खोऱ्याखोऱ्यांतील रस्ते त्याला येऊन मिळतात. बुंधा तुटला की फांद्यांचे काय होते ते सांगायला नको. शिवसागर जलाशयापलीकडच्या काही वाड्यांना तर लाँचखेरीज दुसरी सोयीची वाटच नाही. पावसाचाही न्याय सारखा नाही. पश्चिमेला नवजा येथे अनेक वर्षी पाच हजार मिलिमीटरवर पाऊस होतो, तर पूर्वेच्या मल्हारपेठ बाजूला त्याच्या निम्माही पडत नाही. म्हणून तालुका एक असला तरी तयारी खोऱ्यागणिक वेगळी करावी लागेल.

दोन आठवणी

सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. माणसे गाढ झोपेत होती. त्या एका धक्क्याने कोयनानगर आणि आसपासची गावे भुईसपाट झाली. पावणेदोनशेच्या घरात माणसे गेली. धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले, पण धरण उभे राहिले, आणि पुढे त्याला काँक्रीटचा टेकू देऊन बळकटी आणली गेली. जलाशय भरू लागला तेव्हापासून या भागात धक्के नोंदले जात आहेत, आणि शास्त्रज्ञ त्यांचा जलाशयाशी संबंध जोडतात. कराडजवळ हजारमाचीला केंद्र शासनाची भूगर्भाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. परंतु भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारे शास्त्र जगात अजून कोठेच नाही.

जमीन हलल्याने माणूस मरत नाही. अंगावर भिंत पडल्याने मरतो. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन हात रुंद असत, दगडाच्या आणि चिखलात बांधलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये भर. धक्का बसला की दोन्ही थर फुगून सुटतात. म्हणून भिंतीच्या पूर्ण रुंदीचे आरपार दगड ठराविक अंतरावर घालावेत, कोपरे एकमेकांत गुंतवावेत, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना धरून एक सलग पट्टा फिरवावा आणि छप्पर हलके व नीट जखडलेले असावे. नवे घर बांधताना हा खर्च थोडा वाढतो, पण सिमेंटच्या नक्षीवर होणाऱ्या खर्चापेक्षा तो कमीच असतो.

दुसरी आठवण ताजी आहे. २२ जुलै २०२१ ची रात्र. कोयना परिसरात चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर खाली आला आणि घरेच्या घरे गाडली गेली. वाटेत दरडी आणि पाणी आडवे आल्याने मदत पथकांना पोहोचायला वेळ लागला. तोवर चिखलात हात घालणारे शेजारीच होते. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावरही हीच वेळ आली होती.

या दोन्ही आठवणी एकच गोष्ट सांगतात. पहिला दिवस आणि पहिली रात्र गावाची असते. सरकार येते आणि येईलच, पण ते दुसऱ्या दिवशी येते. तोवर जे करायचे ते गावानेच करायचे असते.

पाणी

पावसाच्या तालुक्यात पाण्याची चिंता कशाला, असे बाहेरच्या माणसाला वाटते. इथल्या आयाबहिणींना तसे वाटत नाही. जुलैत छपरावर धो धो कोसळणारे पाणी एप्रिलमध्ये हंडाभर मिळायची मारामार. कारण इथला कातळ पाणी मुरू देत नाही आणि उतार ते थांबू देत नाही. सड्यावरचा जांभा थोडे पाणी पितो आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याने सोडतो. त्याच झऱ्यावर वाडी जगते. झऱ्याच्या वरची झाडी तुटली की पुढे झराही आटू लागतो. म्हणून देवराई राखणारे पूर्वज केवळ भाविक नव्हते, ते हिशेबीही होते.

संकटकाळी मात्र भर पावसात पाण्याचा प्रश्न उभा राहतो. दरड आली की झऱ्यापासून आणलेला नळ तुटतो आणि विहिरीत गढूळ पाणी शिरते. पाणी उशाला आणि माणूस तहानलेला, अशी गत होते. ते पाणी तसेच प्यायले तर जुलाब, कावीळ घरोघर. पाणी फडक्यातून गाळून खळखळून उकळावे. सामायिक टाकीत टी.सी.एल. पावडर आरोग्य सेवकाने सांगितलेल्या मापानेच टाकावी. ती पावडर उघडी राहिली की निकामी होते, म्हणून डबा झाकणबंद असावा आणि दर मोसमाला नवा घ्यावा.

आता या मंडपाकडे पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. समजा मंडपाचे छप्पर १०० चौरस मीटरचे आहे. १०० मिलिमीटर पावसाला १०,००० लिटर होतात, आणि तूट धरली तरी ८,००० हाती लागतात. पश्चिम भागात एवढा पाऊस एका दिवसात पडून जातो. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि पुढचे १०,००० लिटरच्या झाकलेल्या टाकीत घ्यावे. पिण्या-रांधण्यासाठी माणशी ३ लिटर धरले तर २०० माणसांना दिवसाला ६०० लिटर लागतील. ती टाकी सोळा दिवस पुरेल. एवढ्या पाण्यासाठी कोणाच्या दारात जायला नको.

धान्य

पाच माणसांच्या घराला दिवसाला माणशी ४०० ग्रॅम या हिशेबाने २ किलो धान्य लागते. पंधरा दिवसांचे ३० किलो झाले. डाळ माणशी ६० ग्रॅम, म्हणजे साडेचार किलो. तेल सुमारे दोन किलो, मीठ एक किलो. शंभर उंबऱ्यांच्या गावाला पंधरा दिवसांचे ३० क्विंटल धान्य लागते. आकडा ऐकून दडपायचे कारण नाही. घरोघर विभागला की तो एका पोत्यापेक्षा लहान होतो.

ज्याचे भातशेत आहे त्याच्या घरात एवढे असते. डोंगरातील नाचणीला तर तोड नाही. ती कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते आणि तिला कीड सहसा लागत नाही. अडचण आहे ती भूमिहीनांची, एकट्या म्हाताऱ्यांची आणि धनगरवाड्यांवरील घरांची. शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो दरमहा मिळतात. पाच माणसांच्या प्राधान्य घराचे महिन्याचे २५ किलो म्हणजे साडेबारा दिवसांचे पोट. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी तीन महिन्यांचे धान्य एकदम देण्याचे ठरले होते. अशी सोय मिळते तेव्हा आळस न करता ती उचलावी आणि विकून टाकू नये. कोणाचा अंगठा यंत्रावर उमटत नसेल, नाव कमी-जास्त असेल, तर ते मे महिन्यातच दुरुस्त करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वीज गेली की पिठाची गिरणी बंद, भात भरडायची गिरणीही बंद. घरात पोते भरलेले आणि भाकरी मात्र होत नाही! जाती आता लग्नाच्या हळदीपुरती उरली आहेत आणि पुष्कळ घरांत तीही अंगणात पडून आहेत. गावातील दहा जाती टाकी लावून चालू ठेवावीत. दोन-चार उखळ-मुसळे ठेवावीत. तयार तांदूळ आठ दिवसांचा तरी घरात असावा. बियाणे वेगळे बांधून उंचावर ठेवावे. लावणी वाहून गेली तर दुबार पेरणीला ते कामाला येते. रानात पाणी भरू लागले की गुरांची दावी सोडावीत. दाव्याला बांधलेले जनावर धन्याची वाट पाहत बुडते.

मीठ इथे होत नाही. पूर्वी ते कोकणातून घाटवाटांनी वर येई. आज त्याची पुडी दुकानात मिळते म्हणून त्याचा विसर पडतो. आगपेटी, साखर आणि चहाची पूड यांचेही तसेच आहे. तालुका स्वयंपूर्ण आहे असे म्हणणाऱ्याने आपल्या फडताळावर एकदा नजर टाकावी.

इंधन आणि उजेड

कोयनेचे १०५ टी.एम.सी. पाणी अडले आणि त्याच्या जोरावर सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेची वीजगृहे उभी राहिली. ते पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जाते, पोफळी-अलोऱ्याला वीज करते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. उभ्या महाराष्ट्राला उजेड देणारा हा तालुका आहे. या धरणापायी ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांचा त्याग कधीही विसरू नये. पण पावसात झाड तारेवर पडले की याच तालुक्यातील वाडी आठ-आठ दिवस अंधारात राहू शकते. वीज जिथे जन्मते तिथेच दिवा लागेल असे नाही.

सरपणाची ददात नाही, परंतु ते कोरडे हवे. पावसाळ्यापूर्वी पडवीत महिन्याचे जळण रचून ठेवावे. दोन घनमीटरच्या गोबर गॅसला रोजचे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे. त्यावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि मागे उत्तम खत उरते. ज्याच्या गोठ्यात एवढी गुरे आहेत त्याने विचार करावा. गावाने दोन-तीन सौरदिवे, मोबाईल चार्ज करण्याची एक सोय आणि सेलवर चालणारा एक रेडिओ सामायिक ठेवला तर अंधाराची निम्मी भीती जाते. फोन मुका झाला तरी आकाशवाणी बोलत असते.

औषधपाणी

पाटणला ग्रामीण रुग्णालय आहे, खोऱ्याखोऱ्यांत आरोग्य केंद्रे आहेत, १०८ ची गाडी आहे. सगळे आहे, पण रस्ता आहे तोवर. म्हणून ज्या बहिणीचे दिवस भरत आले आहेत तिला अतिवृष्टीचा इशारा मिळताच खालच्या गावी नातेवाइकांकडे पोहोचवावे. रक्तदाब, साखर, फिट यांची गोळी घेणाऱ्याने महिन्याचा साठा जवळ ठेवावा.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप इथल्या शिवारात आहेत. पावसात तेही कोरडी जागा शोधत घरात येतात. साप चावल्यावर जखम कापू नये, करकचून बांधू नये, देवळात बसवून ठेवू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि डोलीतून का होईना, आरोग्य केंद्र गाठावे. विषावरची लस तिथे आहे. नवसाने देव प्रसन्न होत असेल, विष उतरत नाही.

वाटा आणि खुणा

पाचही कसोट्यांत तालुका सर्वांत कच्चा आहे तो वाटांच्या बाबतीत. म्हणून जुन्या पायवाटा जिवंत ठेवणे हे गावकीचे काम आहे. दरवर्षी वैशाखात एकदा तरुण मंडळाने खालच्या गावापर्यंतची पायवाट साफ करावी, कोणता ओढा केव्हा उतार देत नाही हे नव्या पोरांना दाखवावे. डोली, दोर, पहारी आणि घमेली एकाच ठिकाणी कुलपात असावीत आणि किल्ली दोघांकडे असावी. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पोलीस मदतीचा ११२ हे क्रमांक मंडपाच्या भिंतीवर रंगाने लिहावेत.

डोंगर खाली येण्यापूर्वी बहुधा काही खुणा देतो. उतारावर नवी भेग पडते. झाड किंवा विजेचा खांब कलतो. स्वच्छ झरा एकाएकी गढूळ होतो, नवीनच ठिकाणी पाणी फुटते किंवा वाहता झरा थांबतो. दार-खिडकी चौकटीत अडकू लागते. डोंगरातून घरघर ऐकू येते. यातली एकही खूण दिसली की भांडीकुंडी आवरत बसू नये. मात्र दर वेळी खूण दिसतेच असेही नाही, म्हणून पावसावर नजर हवी. सरळ काठाचे एक पिंप देवळाच्या अंगणात उघड्यावर ठेवावे. सकाळी रिकामे केलेल्या पिंपात दुसऱ्या सकाळपर्यंत वीतभर पाणी साठले तर समजावे की २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. हवामान खाते तेवढ्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणते. वीत भरायची वाट न पाहता, संध्याकाळपर्यंत निम्मे जरी भरले आणि पाऊस थांबायचे नाव घेईना, तरी डोंगराखालच्या घरांनी ती रात्र दुसरीकडे काढावी. दहा वेळा उगाच उठावे लागले तरी चालेल. अकरावी वेळ कोणती असेल ते कोणाला ठाऊक?

कागद

तालुक्याच्या कचेरीत पावसाळ्यानंतर एक दृश्य नेहमीचे आहे. घर पडलेले असते, पंचनामा झालेला असतो, रक्कम मंजूर होण्याच्या वाटेवर असते, आणि घर असते वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावावर. चार भाऊ, दोन बहिणी, एक मुंबईत, एकाचा पत्ता नाही. मग म्हातारी विधवा सहा महिने हेलपाटे घालते. यात कायद्याचा दोष थोडा आणि वेळेवर नोंद न करणाऱ्यांचा अधिक. जमिनीवर वारसाहक्क आला की तीन महिन्यांत वर्दी द्यावी असा नियम आहे. सातबारावरील वारसनोंद आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरील घराची नोंद आजच तपासावी. घरपट्टीची पावती, शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक यांच्या नकला प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून ठेवाव्यात आणि पळताना तेवढी पिशवी उचलावी. हा सल्ला दिसायला किरकोळ आहे, पण पडलेले घर पुन्हा उभे राहते ते याच कागदावर.

माणसे

या तालुक्याचे अर्धे मनुष्यबळ मुंबईत आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. इथल्या माणसांनी मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहिली. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्या कष्टाच्या पैशाने इथली घरे उभी राहिली, आणि आजच्या या देवळातही त्याचा वाटा आहे.

पण यात्रेला आणि गणपतीला भरलेले गाव जुलैत रिकामे असते. मागे राहतात म्हातारी माणसे, बायका आणि लेकरे. दरड येते ती नेमकी तेव्हा. म्हणून गावाने एक यादी करावी. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले कोण आहे, कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोण एकटे राहते आणि त्यांच्यापैकी कोणाला कोण उचलणार. प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे असावीत. कारण एक जण त्या रात्री पाव्हण्यांकडे गेलेला असू शकतो. मुंबईच्या मंडळींनी पैसे पाठवावेतच, पण आपल्या आईच्या नावापुढे कोणाचे नाव लिहिले आहे हेही विचारावे.

हिशेबाचा गोषवारा

आता बेरीज करू. पाणी भरपूर, पण साठवण नाही. धान्य शेतकऱ्याच्या घरी महिन्याचे, मजुराच्या घरी आठवड्याचे. मीठ, तेल आणि औषध बाहेरचे. सरपण घरचे, उजेड बाहेरचा. वाटा कच्च्या, माणसे थोडी. म्हणजे तयारी केली तर तालुका पंधरा दिवस मानाने काढील. तयारी न केली तर काही वाड्यांना तिसरा दिवसही जड जाईल. आणि एकट्याने कायमचे स्वयंपूर्ण होणे कोणालाच शक्य नाही. गडालासुद्धा पायथ्याची गावे लागत. दाणागोटा तिथूनच वर येई.

म्हणून जीर्णोद्धार समितीपुढे आणि दात्यांपुढे काही विनंत्या आहेत. हा मंडप अडचणीच्या काळातील गावाचे निवाऱ्याचे ठिकाण म्हणून ठरावाने जाहीर व्हावा. त्याआधी देवळामागचा उतार आणि जवळचा ओढा जाणकारांकडून तपासून घ्यावा. जागा धोक्याची निघाली तर शाळेचा पर्याय ठरवावा, त्यात कमीपणा मानू नये. कळसावर वीजवाहक बसवावा. देणगीतील शिल्लक रकमेतून पाण्याची टाकी, पाच क्विंटल धान्याची कोठी, दोन मोठी पातेली आणि शंभर घोंगड्या घ्याव्यात. कोठीतील धान्य दरवर्षी भंडाऱ्याला वापरून नवे भरावे, म्हणजे ते सडणार नाही आणि प्रसादही होईल.

शेवटची विनंती सर्वांत मोठी आहे. त्या रात्री भिजत येणारा माणूस कोणत्या वाडीचा, कोणत्या भावकीचा, कोणत्या जातीचा आणि निवडणुकीत कोणाच्या बाजूचा, हे विचारले जाऊ नये. बाळंतीण असो की विटाळाची बाई, कोणालाही सोवळ्या-ओवळ्याच्या नावाखाली पायरीवर थांबावे लागू नये. हे आज, डोके शांत असताना, देवासमोर ठरवावे. त्या रात्री वाद घालायला वेळ नसतो. दगडाचा जीर्णोद्धार झाला, तो कौतुकास पात्र आहे. पण या मंडपाखाली गावातील शेवटचा माणूस निर्धास्त झोपू शकेल, त्या दिवशी तो पूर्ण झाला असे म्हणता येईल. गाव करी ते राव न करी, ही म्हण इथल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

ग्रामदैवत सर्वांना आरोग्य देवो, शिवार पिकवो, आणि केलेली तयारी वापरायची वेळ कधीच न आणो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!